अकरा वेळा अडकलेला कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या भावाने एकट्याने जोडलेला पहिला कॉम्प्युटर गेम लावल्यावर चोविसाव्या मिनिटाला अडकला. चोवीस हा आकडा अंदाजाचा नाही, तो माझ्या वहीत आहे. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. घरच्यांनी त्यावरून माझी भरपूर चेष्टा केली आहे, पण त्या आठवड्यात या सवयीचा जो उपयोग झाला त्याबद्दल मी आजही मान वर करून बोलते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. मी स्टोअरमध्ये क्लार्क, नवरा प्रयोगशाळेत केमिस्ट. कॉलनीत टीव्ही घरोघरी होते, फोन मोजक्या घरांत, आणि कॉम्प्युटर फक्त ऑफिसात. त्याच्यावर कापडाचं कव्हर असायचं आणि त्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागायच्या.

माझं माहेर बारामती तालुक्यातल्या सांगवीचं. आमच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, तरुणपण मेंढरांमागे गेलं, नंतरचं आयुष्य उसात. भाऊ आयटीआय करून बारामतीत एका दुकानात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचा. हात चांगला होता. मग त्याच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. पुण्याला सहा महिने राहून तो सुटे भाग आणून यंत्र जोडायचं शिकून आला, आणि बारामतीत याच कामाचं दुकान टाकायचं म्हणू लागला. आबांना हे काम म्हणजे काय तेच कळेना. ते त्याला म्हणाले, "दिवाळीपतोर तुझं तू बघ. न्हाय जमलं तर कारखान्यात हंगामी जागा निघतील, तितं लागायचं. मग माझ्याम्होरं कुरकुर न्हाय पायजे."

दिवाळी झाली. गाळप सुरू झालं. कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात हंगामी वायरमनच्या जागा निघाल्या, भावाने अर्ज केला, निवडही झाली. पुढच्या सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं. कॉम्प्युटरची ऑर्डर म्हणावी तर एकच होती, आमची. घरच्या ऑर्डरीला आबा ऑर्डर धरत नव्हते.

दुसरी होण्यासारखी होती. निमगाव केतकीला नवऱ्याच्या ओळखीचे एक डॉक्टर दवाखाना चालवत. त्यांनाही घरी कॉम्प्युटर हवा होता. पण ते पक्के होते. म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडचा आठ दिवस चालू दे. पुढच्या रविवारी येतो, स्वतः बसून बघतो, मग बोलू."

म्हणजे रविवारी डॉक्टर आणि सोमवारी कारखाना. त्या दोन दिवसांच्या मध्ये एक रात्र, एवढीच भावाच्या दुकानाला जागा उरली होती.

कॉम्प्युटर घ्यायचा तो गेम खेळण्यासाठीच का, हा प्रश्न कॉलनीत सगळ्यांनी विचारला. नवऱ्याला मोटारींच्या शर्यतीची गेम खेळायची होती हे एक कारण. दुसरं भावाने सांगितलं ते. "अक्का, टायपिंगला कसलंबी मशीन चालतं. मोकळा ट्रेलर सपाटीला कुणीबी वढतंय. भरल्या उसाचा चढाला लागला की मग इंजिन कळतं. गेम म्हंजी चढ हाय. गेम चालली की समदं चालतं." मला हे पटलं. भागांची यादी मी केली, खरेदी त्याने केली, आणि एका शनिवारी तो पुण्याहून खोकी घेऊन एसटीने आला. मॉनिटर मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टरने मॉनिटरचं अर्धं तिकीट घेण्याची धमकी दिली म्हणे.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून काम सुरू झालं. भाऊ बोर्डाला, म्हणजे सगळे भाग बसतात त्या पाटीला, हात लावायच्या आधी दर वेळी जाऊन मोरीतल्या नळाला हात लावून यायचा, अंगातली वीज उतरवायला. मी शेजारी वही घेऊन. कुठला स्क्रू कुठे, कुठली वायर कशात, सगळं लिहीत होते. नवरा म्हणाला, "अगं, त्याला जोडू दे. हे काय पोस्टमॉर्टेम आहे का?"

बोर्ड पेटीत बसला आणि भाऊ मागे सरला. "अक्का, कर तुझं."

सांगवीला आमच्याकडे नवीन मोटार आली की झाकण लावायच्या आधी तिची पूजा होते. आबांचं म्हणणं असं, की बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून उपयोग काय, काम तर आतलं करतंय. म्हणून वायरी जोडतात तिथे आतल्या बाजूला हळदकुंकू वाहायचं आणि मग झाकण लावायचं. मीही तसंच केलं. बोर्डावर चिमटीने हळद वाहिली, कुंकू वाहिलं. अक्षता मात्र बाहेर ठेवल्या, तांदूळ आत अडकतील म्हणून. नारळ मोरीत फोडला, पाणी उडेल म्हणून. भावाने हात जोडले, मी हात जोडले, आणि तो पुढच्या कामाला लागला. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या त्यांच्या दोन खाचांत बसवल्या, डिस्प्ले कार्ड बसवलं, पंखे जोडले. तीनला यंत्र सुरू झालं. साडेचारला पडद्यावर लाल मोटार धावत होती आणि नवरा स्टूलवर बसून अख्खं अंग वळवत होता, जणू वळण त्याच्या कमरेनेच घ्यायचं होतं.

चोविसाव्या मिनिटाला मोटार एका वळणावर जागच्या जागी थांबली. आवाज मात्र थांबला नाही. इंजिनाचा तो एकच सूर घर्रर्र करत अडकून राहिला. मग पडदा निळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली.

"काय केलंत?" भाऊ ओरडला.

"मी काय करणार? ब्रेक मारला."

"ब्रेकनं हँग होत न्हाय दाजी."

"मग तुझ्या मशीनला माझी ड्रायव्हिंग सहन झाली नसेल."

पुन्हा सुरू केलं. नवव्या मिनिटाला पुन्हा तेच. दोन्ही वेळची पांढरी अक्षरं मी उतरवून घेतली. ती वेगवेगळी होती. भावाने वहीतल्या त्या दोन नोंदी बोट फिरवत ताडून बघितल्या आणि तो म्हणाला, "दर बारीला येगळं येतंय म्हंजी गेमचा दोष न्हाय. करंट न्हायतर मेमरी."

सोमवारी त्याने करंट पकडला. गावाकडच्या माणसाचा पहिला संशय व्होल्टेजवरच जातो, आणि तो चुकीचाही नसतो. सांगवीला संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की बल्ब नुसता तांबडा दिसायचा. पण कॉलनीला हंगामात कारखान्याच्या टर्बाइनची वीज यायची. भावाने मीटर लावला, मी दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला. दोनशे अठ्ठावीस, दोनशे तीस, दोनशे तीस. अगदी सरळ रेषेत. त्या सरळ रेषेवर यंत्र दोनदा अडकलं. मंगळवारी त्याने उष्णता पकडली. पेटीचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला. चिमणीची काजळी हंगामात कॉलनीभर पडते, दोरीवरच्या कपड्यांवर, लोणच्याच्या बरणीवर, सगळीकडे. फॅनने ती नेमकी पेटीत नेली. यंत्र थंडगार होतं आणि तरी दोनदा अडकलं. नवरा ड्युटीवरून आला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "याला थोडा ऊस दाखवा, गाळप सुरू करेल."

भाऊ हसला नाही. एरवी दाजींच्या असल्या बोलण्यावर तो दुप्पट बोलायचा.

बुधवारी त्याला पुण्याच्या मास्तरांचं काहीतरी आठवलं. त्याने रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या सोनेरी दातऱ्या पांढऱ्या खोडरबराने घासल्या. त्या संध्याकाळी यंत्र दोन तास दहा मिनिटं चाललं. एकदाही अडकलं नाही. भावाने दोन भाकरी जास्त खाल्ल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून सांगवीला फोन लावला आणि शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला, की आबांना सांगा, मशीन चाललं.

गुरुवारी सकाळी सहा चाळीसला ते सातव्यांदा अडकलं.

मी चहा ठेवत होते. तो घर्रर्र आवाज आता मला भिंतीपलीकडूनही ओळखू यायचा. बाहेर येऊन बघते तर भाऊ खुर्चीत नाही, खाली जमिनीवर बसला होता.

"सोमवारी जातो मी कामावर," तो म्हणाला.

"मशीनचं काय?"

"कशाला इचारतीस? न्हाय येत मला. पुण्यात जोडली ती मास्तर संगं हुता म्हणून चालली."

"काल काय काय केलंस ते सांग."

"रबर मारलं."

"आणखी?"

"कार्ड काढून परत बसवलं. हार्डडिस्कची वायर बदलली. फॅनचं कनेक्शन आवळलं. पॉवरची पिन दुसरीकडं लावली."

"मग काल चाललं ते यातल्या कशानं चाललं?"

"समद्यानं मिळून."

"आणि आज अडकलं ते?"

त्याने जमिनीवर पडलेला खोडरबर उचलून खिशात टाकला. मोटारी रिवाइंड करणाऱ्याची ती रीत होती. उघडलं की सगळं मोकळं करायचं, सगळं पुसायचं, सगळं आवळून परत बसवायचं. मोटारीला ते चालतं, कारण तिच्यात दोष एकच असतो आणि तो बहुतेक वेळा नाकाला कळतो. इथे वास नव्हता, धूर नव्हता, आणि दर वेळी पाच गोष्टी बदलल्यामुळे काय बरं झालं आणि काय बिघडलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी त्या दिवशी रजा टाकली. हंगामात रजा टाकणं ही लहान गोष्ट नव्हती, साहेबांनी कारण विचारलं. मी सांगितलं, "घरी कॉम्प्युटर आजारी आहे." त्यांना वाटलं मी कुणा माणसाबद्दल बोलतेय आणि घाईत नाव चुकले.

येताना स्टोअरमधून रद्द झालेली बिन कार्डं आणली. आमच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला एक कार्ड लटकलेलं असतं. त्या खणातली वस्तू कधी आली, कधी बाहेर गेली, कधी परत आली, एका ओळीत एक नोंद. बेअरिंग असो की नटबोल्ट, कार्डावर नोंद झाल्याशिवाय हलत नाही. मी कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला एक कार्ड केलं. रॅमच्या पट्ट्यांना एक आणि दोन नंबर दिले, खाचांनाही एक आणि दोन. मग भावाला सांगितलं, "एका वेळी एकच भाग हलवायचा. तो हलला की मी लिहिणार, मग गेम लावायची. मी लिहून व्हायच्या आत दुसरीकडं हात गेला तर हातावर पट्टी मारीन."

"अक्का, ही काय शाळा हाय?"

"व्हय. बस."

खेळायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याचे डोळे आत पाहिजेत. तोवर मी गेमला हात लावला नव्हता. पहिल्या दहा मिनिटांत मी ती लाल मोटार सगळ्या भिंतींवर नेऊन आपटली. पुढच्या तासात तिसरा नंबर आला. भाऊ पेटीत तोंड घालूनच म्हणाला, "दाजींना सांगू नगंस, मन मोडंल त्यांचं."

नोंदी अशा झाल्या. पहिली पट्टी एकटी, पहिल्या खाचेत: सोळाव्या मिनिटाला अडकलं. दुसरी पट्टी एकटी, पहिल्याच खाचेत: एकतिसाव्या मिनिटाला अडकलं. पहिली पट्टी दुसऱ्या खाचेत: दीड तास, काही नाही. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत: दीड तास, काही नाही. खात्रीसाठी दोन्ही पट्ट्या पुन्हा एकेक करून पहिल्या खाचेत घातल्या. दोन्ही वेळा अडकलं. एकूण अकरा.

पट्ट्या चांगल्या होत्या. वीज चांगली होती, डिस्प्ले कार्ड चांगलं होतं. दोष बोर्डावरच्या पहिल्या खाचेत होता. दिवेलागणीला हे ठरलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी भावाच्या पाठीत धपाटा घातला. त्याचं तोंड मात्र उतरलेलंच.

"खाच खराब म्हंजी बोर्ड खराब," तो म्हणाला. "बोर्ड बदलून आणायला पुण्याला जावं लागंल. दुकानदार म्हणनार, तूच जोडताना बिघडवलास. दिला बदलून तरी रविवारच्या आत न्हाय."

मी म्हटलं, दुसऱ्या खाचेत एक पट्टी ठेवून डॉक्टरांना दाखवू. ते त्याला पटेना. अर्ध्या मेमरीवर गेम अडखळत चालायची, आणि एक खाच मेलेली आहे हे लपवून मशीन दाखवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. त्याच्या या हट्टाचा मला त्या वेळी राग आला. आता नाही येत.

शुक्रवारी सकाळी त्याने बोर्ड काढला. साडेसातच्या एसटीने बारामती, तिथून पुणे. मी कामावर जायच्या तयारीत होते, पण कार्ड बंद केल्याशिवाय माल बाहेर जाऊ द्यायचा नाही हे माझ्या अंगात भिनलेलं. स्टोअरमधून कुठलीही वस्तू सदोष म्हणून परत पाठवायची तर तिच्याबरोबर एक चिठ्ठी जाते, आणि त्या चिठ्ठीत डोळ्यांना काय दिसलं ते लिहावंच लागतं. तडा, गंज, डाग, वास. 'बिघडलं आहे' एवढं लिहिलेली चिठ्ठी पुरवठादार परत तोंडावर मारतो.

"दे इकडं," मी म्हटलं. "दुकानदाराला काय दिसलं ते लिहून देते."

"अक्का, गाडी चुकंल."

"दोन मिनिटं."

नवऱ्याकडे साखरेचे दाणे बघायचं भिंग होतं. खिडकीशी जाऊन मी बोर्ड तिरका धरला आणि पहिल्या खाचेत बघितलं. आतल्या बारीक पितळी पात्यांच्या मुळाशी, एका बाजूला, लालसर काहीतरी दाबून बसलं होतं. दुसऱ्या खाचेत तसं काही नव्हतं.

"लाल कायतरी हाय," मी म्हटलं.

"गंज आसंल."

"परवा घेतलेल्या बोर्डाला गंज?"

त्याने पिशवी खाली ठेवली आणि भिंग घेतलं. सुईच्या टोकाने त्यातलं कणभर काढून मी कागदावर बोटाने पसरवलं. तो रंग ओळखायला मला भिंग लागलं नाही. मी तो रोज कपाळाला लावत होते.

"कुंकू हाय," मी म्हटलं.

"कुणी टाकलं?"

"कुणी म्हंजी? तूच म्हणलास की, कर तुझं."

"कर म्हणलो. खाचंत कर म्हणलो हुतो व्हय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. नवरा आतून दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन बाहेर आला. त्याला सांगितलं. तो नुसता देवघराकडे बघून आला.

हसून झाल्यावर मात्र मी वही काढली, कारण मला ते खुपत होतं. रविवारच्या पानावर चौतीस ओळी होत्या. स्क्रू किती आणि कुठले, वायरींचे रंग, नळाला हात किती वेळा लावला तेही. पूजेची ओळ नव्हती. अक्षता बाहेर ठेवायचं सुचलं, नारळाचं पाणी सांभाळायचं सुचलं, आणि कुंकवाची चिमूट बरोबर उघड्या खाचेवर गेली. ते मी केलेलं काम आहे असं मला वाटलंच नव्हतं. भावालाही नाही. पूजेला त्याने स्वतः हात जोडले होते, आणि तरी पाच दिवस दोघांनी व्होल्टेजवर, काजळीवर आणि पुण्याच्या दुकानदारावर संशय घेतला. खोडरबराने पट्टी साफ झाली म्हणून बुधवारी दोन तास बरे गेले. खाचेतलं कुंकू आतच राहिलं, आणि पट्टी बसवताना आणखी खाली गेलं.

साडेसातची एसटी गेली ती गेलीच. भावाने मोटारी साफ करायचा हाताचा ब्लोअर काढला, नवऱ्याने प्रयोगशाळेतून बाटलीच्या बुडाशी उरलेलं स्पिरिट आणलं, मी एक नवाकोरा दातांचा ब्रश दिला. खाच पुसून, वाळवून, पुन्हा भिंगाखाली बघून झाल्यावर मी बोर्डाच्या कार्डावर नोंद केली: खाच नं. १ मध्ये कुंकू आढळले, साफ केले.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही पट्ट्या लावून तीन तास. काही नाही. शनिवारी सकाळपासून आम्ही तिघांनी आळीपाळीने बसून त्या यंत्राला दमवलं. घरात त्या दिवशी पिठलं-भाताच्या पुढे स्वयंपाक गेला नाही. तरी ते अडकलं नाही. दुपारनंतर मी पहिला नंबर काढला आणि नवऱ्याने मागून जाताना पडद्यावर तो बघितला. संध्याकाळपर्यंत तो माझ्याशी जरा तुटकच बोलत होता.

रविवारी दहाला सांगवीहून आबा आले. काखेत वळकटी. सोमवारपासून पोराला कॉलनीत राहावं लागेल म्हणून अंथरूण-पांघरूण घेऊनच आले होते. भावाने ती वळकटी बघितली आणि आत नेऊन ठेवली. आबा दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले.

अकराला डॉक्टर आले. बसल्या बसल्या भावाला विचारलं, "काय रे, किती वेळा अडकला?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. आता चालतंय, एवढं सांगून भागलं असतं. मी उठले आणि कार्डांचा गठ्ठा डॉक्टरांच्या हातात दिला.

"अकरा वेळा," मी म्हटलं.

भावाने डोळे मिटून घेतले. नवरा खोकला.

डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि एकेक कार्ड वाचायला घेतलं. घाई नाही. मधेच मागे जाऊन आधीचं कार्ड बघायचे. "हे केसपेपर आहेत," ते म्हणाले. "ताप कधी आला, कधी उतरला, काय दिलं." मग बोर्डाच्या कार्डाशी थांबले. "हे काय? कुंकू?"

"हो."

"कुणी घातलं?"

"मी. त्याने जोडताना काही चूक केली नव्हती. अकराच्या अकरा वेळा माझ्यामुळे अडकला."

डॉक्टर मोठ्याने हसले. दाराजवळून आबा म्हणाले, "आतच घालायचं आसतंय ते. आमच्यात तसंच हाय."

"बरोबर आहे आबा," डॉक्टर म्हणाले, "फक्त हे यंत्र जरा नाजूक पोटाचं आहे."

मग ते खेळायला बसले आणि सव्वा तास उठले नाहीत. यंत्राला त्यांनी चांगलंच छळलं. मेन बटण बंद करून तीनदा सुरू केलं, गेम मधेच सोडून दुसरी लावली, परत पहिली लावली. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. नंतर त्याने सांगितलं, तो मिनिटं मोजत होता.

काहीच झालं नाही. डॉक्टर उठले आणि बोटं मोडत म्हणाले, "पुढच्या आठवड्यात माझ्याकडे जोडायचा. माझ्या घरी, माझ्यासमोर. ही कार्डं पण पाहिजेत."

"कार्डं अक्काची हायत," भाऊ म्हणाला.

"मग अक्कांना घेऊन या. कुंकू आणू नका म्हणावं."

आबा उठून पुढे आले. डॉक्टरांसमोर उभे राहिले. "डॉक्टर, एक इचारू? ह्यानं तुमच्याकडं काम मागितलं, का तुमी बोलावताय?"

"मी बोलावतोय."

"बगा बरं. उद्या हितं आठला हजर व्हायचंय त्याला. न्हाय गेला तर जागा जाती."

"आबा, माझ्या दवाखान्यात रोज किती माणसं येतात. दुखतंय कुठं हे सगळे सांगतात. कशानं दुखतंय हे शोधायला पाच दिवस बसणारा माणूस मला तरी कमीच भेटला. मी बोलावतोय त्याला."

आबांनी टोपी डोक्यावर घातली. भावाकडे वळले. इतक्या वर्षांत ते त्याच्याशी एवढं सरळ बघून बोललेले मला आठवत नाहीत.

"बोलावलंय तर जा," ते म्हणाले.

जेवायला सगळे थांबले. भाऊ जेवता जेवता डॉक्टरांना पॉवर सप्लाय कुठला घ्यावा ते समजावून सांगत होता. भात ताटात तसाच होता आणि हात हवेत. आबा त्याचं एकही अक्षर न कळता शेवटपर्यंत ऐकत बसले.

सोमवारी सकाळी आठच्या भोंग्याला मी नेहमीसारखी कारखान्यात शिरले, पण स्टोअरकडे न वळता आधी टाइम ऑफिसला गेले. तिथल्या क्लार्कने हंगामी लोकांची यादी पुढे ओढली आणि भावाच्या ओळीवर पेन ठेवून विचारलं, "हे तुमचेच ना? आले नाहीत अजून?"

"नाही येणार," मी म्हटलं. "जागा दुसऱ्याला द्या. त्याला काम आहे."